देवाची चढाई

काल संध्याकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि बऱ्याच वेळाने दुधाशिवाय वर आलो. घरात त्यावर चर्चा झाली. चर्चा म्हणजे आमची ही बोलली आणि मी तळव्यांना लागलेली लाल माती पायपुसण्यावर घासत उभा राहिलो. बोलता बोलता तिची नजर त्या मातीवर गेली. मग आवाज एकदम खाली आला.

"आली वाटतं," ती म्हणाली.

आली. मैदानात मातीचा टेम्पो आला. आता पुढचे काही दिवस मला दूध, वीजबिल, बँक आणि रक्तदाब यांपैकी काहीही सांगण्यात अर्थ नाही, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच पौषात कळलं होतं.

ओल्या मातीचा वास म्हटलं की लिहिणारे लोक आकाशाकडे बघतात. आमच्याकडे तो वास तळमजल्याच्या नळाला लावलेल्या हिरव्या पाइपातून येतो, आणि भर थंडीत येतो. थंडी म्हणजे आमची लालबाग-परळची थंडी. पंखा पाचवरून दोनवर. चाळून घेतलेली माती पोरं पसरतात, ओल टिकावी म्हणून वर मीठ भुरभुरतात, पाणी मारतात आणि मग लोखंडी रोलर फिरवतात. रोलर ओढताना मलाही हाक येते, पण ओढायला नव्हे. "नंदू मामा, जरा वर बसा ना, वजन पाहिजे." मी बसतो. चार पोरं मला ओढत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतात आणि मी राजासारखा दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांकडे बघतो. माणसाने मान मिळेल त्या वाटेने घ्यावा.

मैदान म्हणजे दोन चाळींच्या मधली मोकळी जागा. बाहेरून गाडी घेऊन येणारे तिला पार्किंग समजतात आणि मग त्यांची समजूत काढावी लागते. मागे पूर्वी गिरणीची भिंत होती, आता टॉवर आहे. वरच्या मजल्यावरून आमचं मैदान पोळपाटाएवढं दिसत असणार. मैदानाच्या कडेला मारुतीची घुमटी. शेंदरावर शेंदूर चढून मारुती इतका गुबगुबीत झालाय की मूळ नाक कुठे होतं यावर जुन्या लोकांत मतभेद आहेत.

मी कबड्डी खेळलो असं मी सांगतो. खरं सांगायचं तर कबड्डी चालू असताना मी हजर होतो. संघात माझी जागा कायम एक्स्ट्राची. सगळ्या फोटोंत आहे मी, अगदी कडेला, खिशात सगळ्यांची घड्याळं कोंबून. कोणाचा पाय मुरगळला की मी उठून शर्ट काढायचो, तोवर त्याचा पाय बरा व्हायचा. माझ्यात काहीतरी दैवी गुण असावा. पुढे मंडळाने मला माइक दिला. बाकावर बसून गप्प राहत नाहीस, तर निदान माइकवर बोल, असा ठराव झाला होता.

तर आमच्या मैदानाची एक रीत आहे. हंगामातला पहिला सामना सुरू होण्याआधी एक चढाई देवाची. शनिवारची संध्याकाळ असते. आबा गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागतात. आबा म्हणजे आमच्या मारुतीचे पुजारी, पंच आणि खजिनदार. गिरणीच्या संघातून खेळलेला हा माणूस आजही घरात मालवणीच बोलतो आणि रागावला की घराबाहेरही. गाऱ्हाणं झालं की मंडळाचा जो खेळाडू त्या वर्षी सगळ्यात मोठ्या ठिकाणी खेळला असेल, तो मारुतीच्या पायावर उजवा तळवा दाबतो. तळवा शेंदरी होतो. मग मध्यरेषेला हात लावून तो दम घेतो आणि चढाईला जातो. समोर मंडळाचे सात जण हातात हात धरून साखळी करून उभे. खेळात चढाईवाल्याचा हात ज्याला लागला तो बाद. या चढाईत ज्याला हात लागला तो वाचला. वर्षभर त्याचा गुडघा, खांदा, घोटा देव सांभाळतो. कोणी पळायचं नाही, कोणी पकडायचं नाही. सातही जणांना एका दमात शिवून परत यायचं. बनियनवर उठलेला तो शेंदरी पंजा आमच्या आया हंगाम संपेपर्यंत धूत नाहीत, मग बनियनचं काही का होईना.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात हा मान सिद्धेशचा होता. आणि तो त्याला मिळणार की नाही, यावर आमच्या मैदानाचा जीव टांगणीला लागला होता.

सिद्धेश माझा भाचा. माझी ताई समोरच्याच चाळीत राहते, तिचा हा एकुलता एक. लहानपणी याला दमाचं इतकं वेड, की कबड्डी-कबड्डी करत वाण्याकडे जायचा आणि काय हवंय ते सांगायला दम तोडावा लागेल म्हणून तसाच कबड्डी-कबड्डी करत रिकाम्या हाताने परत यायचा. ताईने मारुतीला नवस केला की पोराला चांगलं खेळू दे, दर शनिवारी रुईच्या पानांची माळ घालीन. मारुतीने ऐकलं. सिद्धेश मोठ्या लीगमध्ये गेला. मॅटवर, बूट घालून, टीव्हीवर. आणि त्याच्याच संघात डाव्या कोपऱ्यावर त्याचा शेजारी विन्या. एका चाळीतली दोन पोरं एका संघात. त्या दिवसांत आमच्या चाळीत साधं ‘कसं काय’ विचारलं तरी माणूस उत्तरादाखल गुणतक्ता सांगायचा.

सामना ताईच्या खोलीत बघायचा असा नियम. दार सताड उघडं, माणसं जिन्यापर्यंत. सिद्धेश चढाईला निघाला की ताई टीव्हीच्या काचेवर अंगारा लावायची. त्यामुळे त्याची निम्मी चढाई आम्हाला राखेतून दिसायची. शिवाय तो दम घ्यायचा तेव्हा तीही श्वास रोखायची. मी एकदा म्हटलं, ताई, तो तरुण आहे, तू सोड श्वास. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीही रोखला.

असाच एक सामना आम्ही जिंकलो. शेवटच्या चढाईत सिद्धेशने दोन गडी टिपले. खोलीत पेढे फिरत होते. पडद्यावर निवेदिकेने धापा टाकणाऱ्या सिद्धेशला हसत हसत हिंदीत विचारलं, आता लग्न कधी? त्याने टॉवेलने तोंड पुसलं. आणि तितक्याच सहज हिंदीत सांगितलं की माझा जोडीदार आहे, तो मुलगा आहे, आईला माहीत आहे. मग सामन्याबद्दल बोलायला लागला, डावा कोपरा आज किती छान खेळला वगैरे.

खोलीत पेढा तोंडात धरून माणसं थांबली. पडद्यावर बनियनची जाहिरात लागली. मी ताईकडे वळलो.

"तुला माहीत होतं?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"मग मला नाही सांगितलंस?"

"तुला सांगायचं तर मंडळाच्या फळ्यावरच लिहिलं असतं की रे."

यावर खोलीतले लोक हसले. इतक्या वेळात पहिल्यांदा कोणीतरी श्वास सोडला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ही गोष्ट त्या दिवशी चाळीच्या उपयोगी पडली, असं मी समजतो.

ताईला ते सोपं गेलं असेल असं मात्र कोणी समजू नये. तिने नंतर मला सांगितलं. तेव्हा ती गॅलरीत रुईची पानं ओवत बसली होती आणि मी, एक्स्ट्रा म्हणून, देठ मोडून देत होतो. सिद्धेशने सांगितल्यावर ती त्याला काही बोलली नाही. सगळं मारुतीला बोलली. कितीतरी शनिवार त्याच्याशी भांडली. नवसात माझं काय चुकलं ते सांग, म्हणाली.

"आणि माळ?" मी विचारलं.

"माळ नेलीच. भांडायला झालं म्हणून देवाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं काय?"

चाळीत कुजबुज झाली. जिथे तिथे मला अडवून लोक विचारायचे. एकाने तर फार काळजीने विचारलं, मामा, हे तुमच्या घराण्यातून आलं का? मी सांगितलं की आमच्या घराण्यातून त्याला सपाट तळवे तेवढे आले आहेत, बाकीचं कर्तृत्व त्याचं स्वतःचं. त्याला पटलं नाही. पण त्यानंतर त्याने माझ्या पायांकडे बघायला सुरुवात केली.

मग लीगमध्ये तो पट्टीचा सामना झाला. संघाच्या मालकांनी ठरवलं की सिद्धेशला पाठिंबा म्हणून एका सामन्यात सगळ्यांनी दंडावर सात रंगांची पट्टी बांधायची. सगळ्यांनी बांधली. विन्याने बांधली नाही.

विन्या म्हणजे कसा, तर गळ्यात आजोबांची रुद्राक्षाची माळ, शनिवारचा कडक उपास, मारुतीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय चहा नाही. खेळताना गळ्यात काही चालत नाही, म्हणून माळ काढावी लागते. आणि ती जमिनीला टेकलेली त्याला चालत नाही. इथल्या मैदानात ती धरायचं काम माझ्याकडे असायचं. घड्याळं खिशात, माळ हातात. एक्स्ट्राचा उपयोग असा असतो.

कॅमेऱ्याने त्या दिवशी विन्याचा मोकळा दंड पुन्हा पुन्हा दाखवला. एका चॅनेलने त्याला धर्मवीर केलं, दुसऱ्याने खलनायक. दोन्हीकडच्या लोकांनी त्याला जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं. आम्ही त्याला चड्डी नसल्यापासून पाहिलेला, आम्हाला काहीच बोलता येईना. त्याच सामन्यात समोरचा आडदांड चढाईवाला आत शिरला आणि सिद्धेश-विन्याने त्याला साखळी घातली. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा, लहानपणापासून हीच त्यांची जोडी. पट्टीवाला हात आणि बिनपट्टीचा हात मनगटात मनगट अडकवून, आणि मध्ये तो सांड कोसळलेला. ताईने काच पुसली आणि नुसती बघत राहिली.

सिद्धेश सुट्टीवर घरी आला तेव्हा मी विचारलंच. न विचारणं माझ्या रक्तात नाही. तो म्हणाला, विन्याने आदल्या दिवशीच तोंडावर सांगितलं होतं. माझ्या मनाला, माझ्या देवाला पटत नाही, खोटं कसं बांधू? हसणारे तर पाठीमागून हसतात, हा समोर येऊन बोलला.

"म्हणजे तुला राग नाही?"

"राग नाही, मामा. लागलं पण. जाम लागलं." मग म्हणाला, "साखळीत त्याने हात ढिला नाही सोडला. उलट जास्त घट्ट धरला. तेही लागलं."

त्या सामन्यानंतर दोघं मॅटवर खेळले, पण मॅटबाहेर एकमेकांशी बोलले नाहीत. चाळीत दोघांच्या घरांच्या मधली भिंत एकच. इकडे कुकरची शिट्टी झाली की तिकडे वाटी मांडावी. आणि त्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन पोरं गप्प.

थंडी पडली. माती आली. आणि मंडळाच्या बैठकीत प्रश्न आला, या वर्षी देवाच्या चढाईचा मान कोणाचा? चढाईच्या गुणांत सिद्धेश लीगमध्ये वरच्या नंबरात होता. रीतीने तर त्याचाच. पण काही जणांचं म्हणणं पडलं की मारुती ब्रह्मचारी, हे मैदान त्याचं, त्याच्या पायाचा शेंदूर आपल्या पोरांच्या अंगाला लागणार, तर जरा विचार करायला हवा. त्यांच्यात वाईट माणूस एकही नव्हता. घाबरलेले होते. मी म्हटलं, ब्रह्मचारी देवाने आपल्याला बायका-पोरांसकट इतकी वर्षं चालवून घेतलं, त्याच्या नियमात बसणारा या खोलीत आहे तरी कोण? दोघं हसले. आबा हसले नाहीत.

सिद्धेश दाराशी उभा होता. बैठकीत बोलायची त्याला सवय नाही.

"मला पट्टी नको, टीव्ही नको," तो म्हणाला. "मॅटवर उतरायच्या आधी रोज मी इथल्या शेंदराची पुडी उघडून कपाळाला लावतो. मला फक्त माझी चढाई पाहिजे. हा देव तुझा नाही असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण इथे नको. बाहेर चला आणि त्याच्यासमोर म्हणा."

कोणीच उठेना. मग आबा उठले. म्हणाले, त्यालाच विचारू. कौल लावू.

गावी ग्रामदेवता कौल देते. मुंबईत आल्यावर आमच्या लोकांनी ते खातंही मारुतीकडेच दिलं, बँकेच्या भाषेत ॲडिशनल चार्ज. पद्धत अशी की फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आबांनी जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या, प्रश्न घातला, हात जोडले. आम्ही सगळे घुमटीसमोर दाटीवाटीने उभे. ताई गॅलरीत. सिद्धेश माझ्या शेजारी, पोटरीचे स्नायू चढाईआधी ताणतो तसे ताणत.

पाकळ्या पडेनात.

आम्ही वाट पाहिली. शेजारच्या गल्लीतली आरती संपली. भेळवाला येऊन बघून गेला. पाकळ्या जशाच्या तशा. कोणीतरी हळूच फुंकर मारायची सूचना केली, तिच्याकडे आबांनी नुसतं पाहिलं. मागून एक जण पुटपुटला की थर्ड अंपायरकडे गेलं वाटतं. शेवटी आबा पुढे झाले, मूर्तीच्या खांद्यावर बोट टेकवलं, आणि ते बोट डोळ्यांपुढे धरून माझ्याकडे वळले.

"नंद्या, सकाळी शेंदूर कोणी लावलो?"

"मी, आबा. माझी पाळी होती."

"देवाक शेंदूर लावलंस काय भिंतीक गिलावो केलंस?"

काय झालं होतं, की त्या दिवशी बैठक म्हणून मी सकाळपासून अस्वस्थ होतो. तेल आणि शेंदूर कालवताना मनात भाच्याचाच विचार, आणि भावनेच्या भरात हात जरा सढळ पडला. जरा म्हणजे लोण्याचा थर द्यावा तसा. त्या ओल्या लगद्यात पाकळ्या अशा रुतल्या होत्या की भूकंप झाला असता तरी देवाने कौल दिला नसता.

पुन्हा लावू, पुसून लावू, असं चारी बाजूंनी सुरू झालं. आबांनी हात वर केला. त्या दोन पाकळ्यांकडे बघत म्हणाले, "नाय. कौल एकदाच. देवान ह्यां आपल्या गळ्यात घातल्यान. आता काय ता आपणच बघूक व्हया."

आणि त्यांनी निवाडा दिला. चढाई सिद्धेशची. पण साखळी सात जणांचीच लागते. जबरदस्ती कोणावर नाही. शनिवारी सात जण आपणहून उभे राहिले तर देवाची चढाई होईल. सहा राहिले तर नारळ फोडू आणि चढाईशिवाय हंगाम सुरू करू. असं आजवर कधी झालं नव्हतं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझ्या बँकेतल्या ग्राहकांना विचारा. एकाला पासबुक छापून देण्याऐवजी मी त्याला साखळीतल्या जागा समजावून सांगितल्या. घरी जेवताना बोटांवर मोजत राहायचो. हा नक्की, तो बहुतेक, त्याची आई नको म्हणते, याच्या वडलांना आबांनी बोलावलंय. ही म्हणाली, इतकी मोजदाद तुम्ही माझ्या बाळंतपणात केली नव्हती. शनिवारपर्यंत माझ्या हिशेबात सहा पक्के झाले. सातवी जागा डाव्या कोपऱ्याची. तिथे आमच्या मैदानात विन्याशिवाय कोणी उभं राहत नाही.

शनिवारी दिवे लागले आणि माती तांबूस उजळली. गॅलऱ्या भरल्या. डिलाईल रोडचा पाहुणा संघ येऊन अंग मोकळं करत होता. त्यांनाही सगळं माहीत होतं, पण पाहुण्यासारखे ते दुसरीकडे बघत होते. ताई रुईची माळ घेऊन खाली आली. तिच्या मागे थोडं अंतर ठेवून पांढऱ्या शर्टातला एक उंच मुलगा. तो कार्तिक, माटुंग्याचा, कॉलेजात शिकवतो, सिद्धेशचा जोडीदार. बूट घालून तो थेट मातीवर पाय ठेवणार, तेवढ्यात ताई गर्रकन वळली.

"बूट काढ आधी. आणि ही परडी धर, असा पाहुण्यासारखा उभा काय राहतोस."

त्याने बूट काढले, मोजे काढले आणि परडी दोन्ही हातांनी धरली. माझ्या मते ताईच्या घरचा गृहप्रवेश तोच.

आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा…" प्रत्येक मागणीनंतर सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मैदानात दुखापत नको. व्हय म्हाराजा. पंचांची बुद्धी शाबूत ठेव. व्हय म्हाराजा, हे पाहुण्यांकडून जरा मोठ्याने. आणि मग आबा थांबले. सिद्धेश मारुतीपुढे वाकला होता, तळवा पायावर दाबून. आबांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं, परडी धरलेल्या मुलाकडे पाहिलं.

"आणि ह्या आमच्या झिलाक जो कोण सांभाळता, तेका तू सांभाळ रे म्हाराजा."

पहिला ताईचा आवाज आला. आणि तिच्या पाठोपाठ माझा. माझ्या हातात माइक होता आणि तो चालू होता, हे मला माझा ‘व्हय म्हाराजा’ टॉवरवर आपटून परत आला तेव्हा कळलं. त्यानंतर गॅलऱ्या बोलल्या. आधी बायका, मग सगळे.

पोरं साखळीला यायला लागली. उजवा कोपरा आला. मधले आले. एक जण वडलांकडे बघत बघत आला, वडील मान फिरवून हसले. सहा झाले. सहा जणांनी हात धरले आणि डाव्या टोकाचा हात हवेत मोकळा राहिला. सिद्धेश मध्यरेषेपाशी उभा, शेंदरी पंजा उघडा, नजर त्या मोकळ्या जागेवर.

विन्या आला होता. मैदानाच्या कडेला लावलेल्या जाळीच्या खांबाला टेकून, साध्या पँट-शर्टात.

मी माइक ठेवला. गुडघ्यांत वंगण नाही, पोट आहे, शर्टाखालचं बनियन फाटकं आहे, सगळं माहीत होतं. पण आयुष्यभर बाकावर बसलेल्या माणसाला मैदानात जागा रिकामी दिसली की त्याचे पाय त्याचं ऐकत नाहीत. शर्टाची बटणं काढत मी मातीत उतरलो. गॅलरीतून हिची हाक आली, "अहो, जपून." मी डाव्या कोपऱ्याच्या दिशेने धावत होतो. म्हणजे माझ्या मते धावत होतो. आणि वाटेत कोणीतरी आडवं आलं.

विन्या होता. त्याने गळ्यातली माळ काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

"मामा, धरा," म्हणाला. "खाली टेकवू नका."

आणि चपला सोडून कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. मी फाटक्या बनियनमध्ये, मैदानाच्या बरोबर मध्यभागी, ओंजळ धरून. पुन्हा एक्स्ट्रा. इतका आनंद मला संघात निवड झाली असती तरी झाला नसता.

सिद्धेशने दम घेतला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात. खांद्यावर पंजा, पुढचा, त्याच्या पुढचा. दर पंजाबरोबर गॅलरीतून हुंकार. सहा झाले. डाव्या कोपऱ्यासमोर तो आला आणि त्याचे पाय थांबले. दम चालूच, ओठ हलताहेत, पण हात उचलत नव्हता. विन्या समोर ताठ उभा. ज्याचा शेंदरावर सगळ्यात जास्त विश्वास, त्याच्या अंगाला आपल्या हाताने शेंदूर लागलेला त्याला चालेल का, हे सिद्धेशला विचारायचं होतं आणि विचारलं तर दम तुटत होता. वाण्याच्या दुकानातला तो पोरगा पुन्हा उभा होता. आवाज बारीक व्हायला लागला. ताईने श्वास रोखला होता, मला न बघता कळत होतं.

कोपऱ्यावरच्या खेळाडूने कधी पुढे यायचं नसतं. तो मागे दबा धरून बसतो, चढाईवाल्याची वाट बघतो. पुढे आला की मेला. हे विन्याला आबांनी छडी मारून शिकवलेलं. तो विन्या साखळीतला हात न सोडता एक पाऊल पुढे आला. मान खाली घातली. आणि कपाळ त्या पंजाखाली नेऊन टेकवलं.

परत मध्यरेषेला पोचेपर्यंत सिद्धेशचा दम टिकला की नाही, यावर चाळीत आजही वाद आहे. पंच आबा होते. आबा तेव्हा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

विन्याचं मत बदललं का, असं मला लोक विचारतात. नाही बदललं. पट्टी मी आजही बांधणार नाही, असं तो म्हणतो. मला ते आजही लागतं, असं सिद्धेश त्याला सांगतो. पण आता ते हे सगळं एकमेकांना सांगतात, मोठ्याने, भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला, आणि मध्येच कार्तिकचा आवाज येतो की गॅसवर काय ठेवलंय ते बघा.

या वर्षी देवाच्या चढाईचा मान विन्याचा आहे. लीगमध्ये सगळ्यात जास्त पकडी त्याच्या. साखळीत डाव्या कोपऱ्यावर सिद्धेश उभा राहणार, हे त्याने फळ्यावर स्वतःच लिहून टाकलंय. काल दोघं रोलर ओढत होते, वर मी. ओढता ओढता विन्या थांबला, गळ्यातली माळ काढली आणि वर माझ्याकडे दिली. घामाने भिजेल म्हणाला. मग त्यांचं कशावरून तरी जुंपलं, बहुतेक पट्टीवरूनच, आणि दोघं भांडत, हसत, मला मैदानभर ओढत राहिले. अंधार पडला, डेअरी बंद झाली.

दूध राहिलं ते त्यामुळे. हात मोकळे नव्हते.